मदत हवी आहे: सोव्हिएत ७६ मिमी पुंगळीच्या बुडावर दोन सन

माझ्याकडची पितळी पुंगळी (गोळा फेकणारी स्फोटक दारू भरायचं तोफेच्या काडतुसाचं नळकांडं), उंची ३८५ मिमी, बुडाला बाहेर आलेली कडा. म्हणजे झिस-३ तोफेत, टी-३४ रणगाड्यातल्या एफ-३४ तोफेत आणि त्या काळच्या इतर काही सोव्हिएत ७६ मिमी तोफांत चालणारी. या सगळ्यांची पुंगळी एकच, त्यामुळे मापावरून पुढे सरकता येत नाही. प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) आट्यांचा, चावीसाठी दोन खाचा, मधोमध खोल ठोका: उडालेला आहे.

बुडावर ‘३९’ आणि शेजारी वेगळ्या वळणाच्या ठशात ‘४२’. अंगावर काळ्या रंगात पुसट ‘९/७’, म्हणजे दारूच्या दाण्याची भिंत ०.९ मिमी आणि छिद्रं ७. त्यापुढे ‘३/४२’, हा दारूचा गट आणि सन.

अडलंय ते बुडावरच्या ४२वर. रंगातल्या सनाशी जुळतो, म्हणून मी तो पुन्हा भरल्याचा धरतोय, ३९ घडणीचा. पण फक्त जुळण्यावर किती भरवसा ठेवायचा? पुन्हा भरल्याची आणखी कोणती खूण बुडावर शोधू?

कुणाकडे अशी दोन सनांची पुंगळी असेल तर बुडाचा फोटो टाका. बॅटरी बाजूने आडवी धरा, समोरून उजेड टाकला की ठसे सपाट दिसतात. आणि कृपा करून आधी चिंच-मिठाने चकचकीत करू नका, रंगातली अक्षरं पहिली जातात. प्रायमरवर ठोका नसेल तर मात्र पुंगळीला हातच लावू नका, पोलिसांना कळवा.