कोडिंगला घालावं की नाही?
मुलगा बारावीत आहे, एआयच्या काळात त्याला कोडिंगला घालून काय उपयोग, असं तुम्ही विचारलंय. घाईने ठरवू नका. 'रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्रं सरस ठरतील', अशा अर्थाचं विधान एआयचे नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये केलं होतं. याच माणसाला २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं! तरीही रेडिओलॉजिस्टना आज मागणी आहेच. एक्स-रे किंवा स्कॅनच्या फिल्मवरची गाठ ओळखणं हा त्यांच्या कामाचा एक तुकडा. पेशंटची आधीची माहिती जुळवणं, सर्जनशी बोलणं, रिपोर्टवर सही करून जबाबदारी घेणं, हे सगळं उरतंच.

कोडिंगचंही तसंच. मात्र एक भीती मलाही वाटते. फ्रेशर ज्या किरकोळ कामांवर हात बसवायचे, तीच आधी यंत्राकडे चालली आहेत. म्हणून सुरुवातीचे काही महिने त्याला एआयशिवाय प्रोग्राम लिहू द्या, एरर स्वतः शोधू द्या. नंतर एआयकडून लिहून घेऊन त्यातल्या चुका काढायला लावा. ओळखीच्या किराणा दुकानदारासाठी उधारीच्या खात्याचं छोटं ॲप करायला सांगा. गिऱ्हाईक अर्धेच पैसे देऊन गेलं तर नोंद कशी करायची, हे दुकानात बसल्यावरच कळतं.

आणि त्याला स्वतःला काय आवडतं, हे विचारलंत का?