इटलीत भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्डावरील अनामत

प्रश्न : रोम विमानतळावरून गाडी घ्यायची आहे. गाडी मी चालवणार आहे, परंतु क्रेडिट कार्ड पत्नीच्या नावावर आहे. अनामतीसाठी माझे फॉरेक्स कार्ड चालेल का?

उत्तर १ : बहुधा नाही. कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते आणि फॉरेक्स कार्ड प्रीपेड असल्याने बहुतेक कंपन्या ते नाकारतात. पत्नीच्या कार्डावर आपल्या नावाचे ॲड-ऑन कार्ड काढून घ्यावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते.

उत्तर २ : अनामत कापली जात नाही, केवळ अडकवून ठेवली जाते, तरीही कार्डाची तेवढी मर्यादा शिल्लक नसेल, तर भाडे आगाऊ भरलेले असूनही काउंटरवर चावी मिळत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार आपल्यालाच सुरू करावे लागतात, हे कृपया निघण्यापूर्वीच तपासा.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. ॲड-ऑन कार्डासाठी आजच अर्ज करतो.