मदत हवी आहे: जाड, चौकोनी देवनागरी शीर्षकात ‘ऱ्य’ कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी,

आमचा गिर्यारोहकांचा छोटा गट सह्याद्रीवर एक पुस्तिका काढत आहे आणि तिचे ‘दऱ्याखोऱ्यांतील वाटा’ हे शीर्षक मुखपृष्ठावर, तसेच स्क्रीन प्रिंटिंगने कापडी पिशव्यांवर, एकाच रंगात छापायचे आहे. अक्षरे कातळासारखी हवीत: जाड, काटकोनी आणि लांबूनही वाचता येणारी. रोमन लिपीत असे फॉन्ट भरपूर आहेत. देवनागरीत मात्र शिरोरेषा जाड केली की तिच्याखाली अक्षराच्या पोकळीला जागाच उरत नाही, आणि वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांच्यासाठी जागा राखावी लागत असल्याने अक्षर उंच करूनही प्रश्न सुटत नाही.

माझी मुख्य अडचण ‘ऱ्य’ची आहे. विकत घेतलेल्या एका फॉन्टमध्ये (नाव मुद्दाम देत नाही) त्याचा रफार होतो, म्हणजे ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि हा अर्थबदल मला मुळीच चालणार नाही. मी ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ याच क्रमाने टंकले आहे व तोच मजकूर इतर फॉन्टमध्ये बरोबर उमटतो, त्यामुळे चूक टंकनाची नसावी.

मुक्त परवान्याचे तीन फॉन्टही वापरून पाहिले. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘मोदक’ मला फार आवडतो, पण त्याच्या पोकळ्या म्हणजे बारीक पांढऱ्या रेघा आहेत. नमुन्याच्या पिशवीवर शाई पसरली आणि ‘ख’ पूर्ण भरून गेला. शिवाय त्याची ठेवण गोल आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘तेको’ चौकोनी आहे, मात्र तो अरुंद आहे आणि त्याचे ७०० हे सर्वांत जाड वजनही (अक्षराच्या जाडीची पायरी) मला कमी पडते. ‘अनेक देवनागरी’ वजन ८०० व रुंदी १२५ वर नेला की हवा तसा भरीव दिसतो, म्हणून तूर्त त्याच्याच अक्षरांचे बाह्यरेषांत (म्हणजे टंकलेल्या मजकुराऐवजी चित्रात) रूपांतर करून शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा थोडी बारीक करत आहे. एवढ्यानेच ‘ख’च्या दोन्ही पोकळ्या मोकळ्या झाल्या.

आता अडले आहे ते ‘ऱ्य’च्या पापणीसारख्या अर्ध्या र पाशी. ती दंडाइतकी जाड केली की ‘य’ला चिकटते आणि बारीक ठेवली की शेजारच्या ठोकळ्यांत हरवते. शीर्षकाची रुंदी पिशवीवर २२ सेंमी असेल, तर कापडावर शाई पसरूनही शाबूत राहावी म्हणून मधली फट किमान किती मिलिमीटर ठेवावी? पापणीला गोलाई न देता काटकोनी वळण दिले तर वाचकाला ती ओळखू येईल का? कुणी फलकावर किंवा बोधचिन्हात असे केले असेल तर कृपया चित्र दाखवावे.

आणखी एक शंका ‘ल’ची. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मला पाकळीयुक्त (मराठी वळणाचा, हिंदीसारखा दंडाचा नव्हे) ‘ल’च हवा आहे. मजकुराची भाषा मराठी निवडून तो मिळाला, तर बाह्यरेषांत रूपांतर केल्यावरही तसाच राहतो ना?

पुढच्या सोमवारी छपाईवाल्यांकडे फाइल द्यायची आहे.