पहिला चौकोन कुठे बिघडला?

साखळी आणि खांब हे मूळ टाके जमू लागले की क्रोशे शिकणारे बहुतेक जण तीन-तीन खांबांच्या गटांनी विणायच्या चौकोनाकडे वळतात, आणि कागदावर अगदी सोपा दिसणारा तो चौकोन हातात मात्र चौकोनी होत नाही. तयार शालींची छायाचित्रे आपण नेहमीच पाहतो. चर्चेच्या या धाग्यात बिघडलेल्या पहिल्या चौकोनाविषयी लिहावे. चूक नेमकी कोणती होती आणि ती कशी सापडली, एवढे सांगितले तरी नवख्यांना पुरे. सुरुवात मी करते.

तुळशीबागेतून हौसेने आणलेली लोकर गडद जांभळी आणि केसाळ होती, ही पहिली चूक. तिच्यात टाके दिसेनात आणि संध्याकाळी दिव्याखाली सुई कुठे घालायची हे चाचपूनच ठरवावे लागे. चार साखळ्यांचे कडे, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट आणि दर दोन गटांमध्ये दोन साखळ्या, इथवर ठीक झाले. दुसऱ्या फेरीपासून मात्र मी प्रत्येक कोपऱ्यात तीनच खांब घालत गेले आणि कडा वर उचलल्या गेल्या. आजीने ती वस्तू हातात घेतली, तिच्यात दोन सुपाऱ्या ठेवून पाहिल्या आणि ‘वाटी छान झाली गं’ एवढेच म्हणाली. मग तिनेच कोपऱ्यातल्या साखळ्यांखालच्या पोकळीत बोट घालून दाखवले की इथे तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा इथेच तीन खांब यायला हवेत, कारण कोपरा वळतो तो या जोडीमुळे. केसाळ लोकर उसवताना जे हाल झाले, त्यानंतर मी नवख्यांना फिक्या रंगाची गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची सुईच घ्यायला सांगते.

कोथरूडहून लिहीत आहे. माझी चूक विणण्यातली नव्हती, वाचण्यातली होती. इंग्रजी कृतीत ‘डबल क्रोशे’ लिहिलेले होते आणि मी मावशीकडच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकाप्रमाणे मुका खांब, म्हणजे साध्या खांबापेक्षा बुटका टाका, घालत राहिले, त्यामुळे चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि पुठ्ठ्यासारखा कडक झाला. अमेरिकी पद्धतीतला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल, म्हणजेच आपला साधा खांब. ब्रिटिशांचा डबल क्रोशे हा अमेरिकनांचा सिंगल. कृती हाती आली की ती कोणत्या पद्धतीची आहे, हे मी आता आधी पाहते. मराठीत खांब तो खांब आणि मुका तो मुका, हे किती बरे!

मी निवृत्तीनंतर, सूनबाईंकडून शिकलो. हिशेबाची सवय असल्याने फेरीअखेर मोजतो: पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. माझे पहिल्याच फेरीत १३ भरत, कारण सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब असतो आणि त्यापुढे दोनच घालायचे असतात, हे ध्यानात राहत नसे.

ताई, तुमच्या वाटीवरून आठवले, माझे चौकोन सपाट होत, पण फेऱ्या वाढतील तसे एका बाजूला पिळल्यासारखे तिरके होत. दर फेरीनंतर काम उलटवून विणायला लागल्यापासून ते थांबले. दुसरे दुखणे शेपटांचे, म्हणजे धाग्याच्या उरलेल्या टोकांचे होते: रंग बदलताना मी धागा जेमतेम बोटभर ठेवून कापत असे आणि गाठ मारून मोकळी होत असे. भाचीच्या बाळासाठी केलेले पांघरूण पहिल्याच धुण्यात तीन ठिकाणी उसवले. आता वीतभर शेपूट ठेवते आणि जाड नेढ्याच्या सुईने ते त्याच रंगाच्या खांबांतून एकदा जाताना, एकदा उलट येताना ओवते. बाळ आता शाळेत जाते, आणि ते पांघरूण दुरुस्तीसाठी अजून माझ्याच कपाटात पडून आहे.