ज्यांनी शिक्षा मिळवून दिली, त्यांनीच ती तपासायची?

वर एकाने लिहिलंय की सरकारी वकिलांनी स्वतःच जुने निकाल तपासणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शंका रास्त आहे. पण अमेरिकेतल्या डॅलस काउंटीचं उदाहरण बघा. तिथले निवडून आलेले मुख्य सरकारी वकील क्रेग वॉटकिन्स यांनी २००७ मध्ये यासाठी वेगळा विभागच काढला. तो चालला, कारण तिथल्या प्रयोगशाळेने जुन्या खटल्यांतले जैविक नमुने फेकून न देता जपले होते. वर्षानुवर्षं पडून राहिलेला एक नमुना, त्याची डीएनए चाचणी, आणि साक्षीदाराने भर कोर्टात बोट दाखवून ओळखलेला माणूस गुन्हेगार नव्हताच, हे उघड व्हायचं!

आणि माणूस दोषी आहे, पण शिक्षा अवाजवी आहे, तर? कॅलिफोर्नियात २०१९ पासून सरकारी वकील स्वतःहून शिक्षेच्या फेरविचाराची शिफारस करू शकतात, निर्णय न्यायाधीशांचा. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक अट मात्र हवीच: मूळ खटला चालवलेला वकील त्या फायलीपासून लांब राहिला पाहिजे, आणि बचाव पक्षाला अख्खी फाईल बघायला मिळाली पाहिजे.