हद्द शोधणाऱ्या तरुण सिंहांना रेडिओ कॉलर लावावी का?

माळरानकर, सोलापूर

नान्नजच्या परवाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी असे मत मांडले की, वन्य प्राण्यांच्या गळ्यात त्यांचा ठावठिकाणा कळवणारी कॉलर अडकवणे ही आता संशोधकांची खोडच झाली आहे आणि निदान गीरच्या सिंहांना तरी त्यातून मोकळे ठेवावे. स्थिरावलेल्या सिंहांपुरते हे मत एक वेळ मान्य करता येईल. परंतु कळपातून बाहेर पडून स्वतःची हद्द शोधत फिरणाऱ्या तरुण नरांच्या बाबतीत कॉलरला आज तरी पर्याय नाही, असे माझे म्हणणे आहे.

नर छावा साधारण दोन-तीन वर्षांचा झाला की कळप सोडतो किंवा हुसकावला जातो. सोबत सख्खे-चुलत भाऊ असतात, कधी एखादा एकटा पडलेला परका नरही येऊन मिळतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जनुकीय अभ्यासात असे आढळले की अशा दोघा-तिघांच्या युतीत (म्हणजे एकत्र राहणाऱ्या नरांच्या गटात) परके असू शकतात, मात्र चार किंवा त्याहून अधिक नरांची युती नात्यातलीच असते. स्वतःचा कळप मिळेपर्यंत ही मंडळी दुसऱ्यांच्या हद्दीतून चोरपावलांनी वावरतात आणि या काळात सहसा डरकाळीही फोडत नाहीत, कारण आवाज दिला तर हद्दीचा मालक अंगावर येतो. म्हणजे जो सिंह सर्वांत लांब जातो, नवा प्रदेश गाठतो, उघड्या विहिरीत पडतो किंवा राजुला-पिपावावच्या रुळांवर येतो, नेमका तोच आपल्या नजरेस सर्वांत कमी पडतो.

जानेवारी 2023 मध्ये एक तरुण नर पोरबंदरच्या किनारपट्टीवरून बरडा अभयारण्यात पोहोचला. तेथे 1879 नंतर सिंहाची नोंद नव्हती. त्याच्या गळ्यात आधीच कॉलर असल्यामुळे तो कोणत्या वाटेने आला, हे निश्चित सांगता आले. झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे 1999 पासून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉलर लावलेल्या 62 सिंहांपैकी 24 सिंह पहिल्या काही वर्षांतच परवानाधारक शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडल्याचे उघड झाले. उद्यानाच्या कडेचा नर मारला गेला की रिकाम्या हद्दीत आतला नर सरकत असे आणि पुढच्या हंगामात तोही मारला जात असे. ही साखळी केवळ पाऊलखुणांवरून कोणाच्या ध्यानात आली असती, असे मला वाटत नाही. पुढे काही वर्षे त्या भागातील सिंहांची शिकार स्थगित ठेवण्यात आली.

पशुवैद्यक, अक्कलकोट

माळरानकर साहेब, आपण वयाचा मुद्दा मांडलात आणि आपल्या भूमिकेची खरी अडचण त्यातच आहे. अडीच वर्षांच्या नराची मान वाढती असते आणि आयाळ अजून भरायची असते. त्या वयात नीट बसेल अशी कॉलर बांधली, तर दीड-दोन वर्षांत ती काचू लागते. वाढीसाठी जागा सोडून सैल बांधली, तर गळा चाटताना किंवा खाजवताना खालचा जबडा वा पुढचा पाय तिच्यात अडकण्याचा धोका राहतो. ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप गळून पडणाऱ्या कॉलर मिळतात हे खरे. पण ती यंत्रणा कधी कधी चालतच नाही, आणि मग त्याच जनावराला शोधून पुन्हा बेशुद्ध करावे लागते. ज्या प्राण्याचा ठावठिकाणा लागत नाही म्हणून कॉलर लावायची, त्याच्या कॉलरची बॅटरी संपल्यावर त्याला गाठायचे कसे?

मध्य प्रदेशातील कुनो उद्यानाचा अनुभव जुना नाही. जुलै 2023 मध्ये, ऐन पावसाळ्यात, चित्त्यांच्या मानेवर कॉलरखाली जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या आणि रक्तात संसर्ग पसरून काही चित्ते दगावले. राहिलेल्या चित्त्यांना पकडून आत घ्यावे लागले आणि तपासणीसाठी कॉलर उतरवाव्या लागल्या. चित्त्याची मान उघडी असते, तरीही जखम वेळेवर दिसली नाही. दाट आयाळीखालची जखम दुर्बिणीतून कोणाला दिसणार आहे?

ओळख पटवण्याचे इतर मार्गही आहेत. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. वरच्या रांगेतील ठिपके खालच्या रांगेच्या नेमके कुठे येतात, ही मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि ती आयुष्यभर बदलत नाही. गालाचा एक स्पष्ट फोटो पुरतो. युगांडात फेब्रुवारी 2024 मध्ये जेकब आणि टिबू या दोघा भावांनी मगरी आणि पाणघोड्यांनी भरलेला काझिंगा जलमार्ग रात्री पोहून पार केला, सुमारे दीड किलोमीटर. त्यातला जेकब तर सापळ्यात एक पाय गमावलेला. ते सारे दृश्य उष्णता टिपणाऱ्या ड्रोन-कॅमेऱ्यावर नोंदले गेले.

विजापूर वेस

ह्वांगेचेच उदाहरण पुढे न्यायचे, तर तिथल्या सेसिल या प्रसिद्ध सिंहाच्या गळ्यातही कॉलर होती. 2015 मध्ये तो मारला गेलाच.

माळरानकर, सोलापूर

कॉलर म्हणजे चिलखत नव्हे. मात्र एरवी उद्यानाच्या हद्दीबाहेर कित्येक सिंह मारले गेले, त्यांचा कोणी उच्चारही केला नाही. सेसिलची नोंद होती म्हणून जगभर जाब विचारला गेला.

बार्शीकर शेतकरी

मी सिंहाबद्दल बोलण्याइतका जाणकार नाही, पण हद्द शोधत निघालेला नर गावाजवळ आला की काय होते, ते आमच्या तालुक्याने अनुभवले आहे. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आणि तेथून बार्शी तालुक्याच्या शिवारात आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो कोठला हे कळले. पण एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात येईपर्यंत तो कोठे आहे, हे वनखात्यालाही सांगता येत नव्हते. आमच्याकडे शेतीची वीज बहुतेक वेळा रात्री येते, त्यामुळे ज्वारीला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. फोटो पाहून ओळख पटवणे अभ्यासकाला पुरेल. मला ओळख नको आहे, आज रात्री तो माझ्या बांधावर आहे की नाही, एवढेच हवे आहे. याच टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला वाघ 2019 मध्ये 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याचा माग लागत राहिला, असे वाचले आहे.

दक्षिण कसबा

बार्शीकर दादा, आपली गरज अगदी रास्त आहे, पण कॉलरवरून मिळणारे ठिकाण आपल्यापर्यंत येणार नाही आणि येऊही नये. 2013 मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पातील एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यात जमा होत होती, ते खाते पुण्यातून उघडण्याचा प्रयत्न झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. तरुण नरांची जोडगोळी आज रात्री कोणत्या ओढ्यात बसली आहे, हे गावच्या व्हॉट्सअॅप गटावर पडले, तर तासाभरात तिथे जीपगाड्यांची रांग लागेल. (आपल्याकडे लांडग्याच्या पिल्लांचे फोटो काढायला लोक घळीच्या तोंडाशी जाऊन बसतात, तेव्हा सिंहाचे काय होईल ते सांगायला नको.)

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. 2025 च्या गणनेत गुजरातच्या 11 जिल्ह्यांत 891 सिंह मोजले गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक संरक्षित क्षेत्राबाहेर होते. ते कोठे जातात हे आता गुपित राहिलेले नाही. 2018 मध्ये डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूने गीरच्या दलखाणिया भागात कळपच्या कळप बाधित झाले, त्याच्या पाच वर्षे आधीच, एप्रिल 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने, सारे सिंह एकाच ठिकाणी राहू नयेत म्हणून, काही सिंह कुनोला हलवण्याचा आदेश दिला होता. आजवर एकही सिंह तेथे गेलेला नाही. माहिती हाताशी असूनही निर्णय होत नाही, अशा वेळी आणखी माहिती गोळा करण्यासाठी आणखी गळ्यांत कॉलर बांधणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विहिरींना कठडे बांधायला उपग्रहाची गरज लागत नाही.

माळरानकर, सोलापूर

ताई, विहिरींना कठडे हवेतच. परंतु अमरेली-भावनगरच्या शिवारांत हजारो विहिरी आहेत आणि आधी कोणत्या बांधायच्या, हे ठरवायला सिंहांच्या वाटाच कामी येतात. नकाशावर ठिपके एका जागी दोन रात्री साचले, तर तेथे शिकार आहे किंवा मादीशी संग चालू आहे, हे माग काढणाऱ्याला कळते. एका रात्रीत सरळ रेषेत लांबवर गेलेले ठिपके दिसले, तर जोडगोळी परक्या हद्दीतून निसटून चालली आहे असे तो समजतो. गावाच्या कडेने आखलेली आभासी रेषा सिंहाने ओलांडली की वनरक्षकाच्या फोनवर संदेश जातो, अशी सोय आज उपलब्ध आहे. त्याने फक्त त्या वस्तीला सावध करावे, ठिकाण जाहीर करू नये. बार्शीकरांना हवे ते एवढ्याने मिळते.

वाढत्या मानेबद्दल डॉक्टरांचे म्हणणे मला खोडता येत नाही. म्हणून युतीतील प्रत्येकाला कॉलर लावण्याचा आग्रह मी धरत नाही. भटकंतीच्या काळात भाऊ एकमेकांना धरून असतात, तेव्हा दोघांमागे एक पुरे, आणि तीही वयाने थोरल्याला.

पशुवैद्यक, अक्कलकोट

थोरल्याला लावावी की धाकट्याला, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. गीरमधील भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात असे दिसले की जोडीतला वरचढ नर 70 टक्क्यांहून अधिक समागम स्वतःकडे ठेवतो आणि शिकारीवरही त्याचाच वाटा मोठा असतो. दुय्यम नराला एकटे राहण्यापेक्षा हा सौदा परवडतो, म्हणून तो टिकतो. हद्द मिळाल्यावर दोघांचे दिनक्रम वेगळे होऊ लागले, तर आपल्या नकाशावर एकाचेच आयुष्य उमटेल आणि ते आपण दोघांचे म्हणून वाचू. पुन्हा, नवी युती आली की आधीच्या नरांचे छावे मारले जातात. गीरच्या माद्या एकाहून अधिक युत्यांतील नरांशी संग करून पितृत्वाचा घोळ घालतात आणि छावे वाचवतात. हे बारकावे कॉलरच्या ठिपक्यांतून कळले नाहीत. वर्षानुवर्षे माग काढत समोर बसून पाहणाऱ्यांना ते कळले.

माझी भूमिका तशीच आहे. मानेची वाढ पुरी झाल्याखेरीज नराला कॉलर लावू नये. त्याआधी अपवाद करायचाच असेल, तर गळून पडण्याची यंत्रणा असलेलीच वापरावी, पावसाळ्यात दर आठवड्याला मानेची पाहणी व्हावी, आणि आजवर किती सिंहांना कॉलरमुळे जखमा झाल्या, त्याचा हिशेब वनखात्याने प्रसिद्ध करावा. तो हिशेब समोर येईपर्यंत मी आपल्या प्रस्तावाच्या विरोधातच राहीन.

बार्शीकर शेतकरी

डॉक्टर, हिशेब अवश्य मागा. मात्र तो निघेपर्यंत रात्रीच्या पाळीला शेतात जाणाऱ्याने काय करायचे, तेही याच धाग्यात कोणीतरी लिहावे, ही विनंती.