राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि आपला उंबरा: हिशेब कसा जुळवायचा?

शाहूपुरी_तळमजला
कोल्हापुरात जयंती नाल्यापासून दोन गल्ल्या आत, तळमजल्याचे घर. पंचगंगेच्या पुराची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. पावसाळ्यात मोबाईलवर सारखे येत असते, "राजाराम बंधारा ४१ फूट ७ इंच, राधानगरीचे २ दरवाजे उघडले". ३९ फूट इशारा आणि ४३ धोका, एवढे माहीत आहे. पण ४३ च्या सुमाराला सखल सुतारवाड्यातली माणसे हलवतात आणि आमच्या गल्लीत म्हणतात, अजून लांब आहे. मग आमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटाला लागणार, हे काढायचे कसे? २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर अजून दिसते. आणि राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडला की इथे किती इंच वाढतात?

ओळंबा
रेघ आहे म्हणजे निम्मे काम झाले. बंधाऱ्यावरचा आकडा हा तिथल्या मोजपट्टीवरचा आहे, तुमच्या गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे. त्यामुळे आपल्या उंबऱ्याला त्याच पट्टीवरचा एक आकडा द्यायचा, बस्स.

२०२१ ला पाणी ५६ फुटांच्या थोडे वर गेले होते. हिशेबाला ५६ च धरा, वरचे इंच आपल्या फायद्यात राहतात. आता उंबऱ्यापासून रेघेपर्यंतची उंची मोजा. समजा ती २ फूट ९ इंच भरली. ५६ मधून वजा करा, उरले ५३ फूट ३ इंच. तो तुमचा उंबरा. मेसेजमध्ये ५१ आले की तुमच्या हातात सव्वादोन फूट शिल्लक आहेत.

घोटाळा रेघ ओळखण्यात होतो. विटांच्या भिंतीत पाणी वर चढते, त्यामुळे ओलीचा डाग खऱ्या पातळीच्या बराच वर असतो. ओल धरू नका, गाळाची बारीक तपकिरी आडवी रेघ धरा. लाकडी चौकटीवर किंवा लोखंडी गेटवर ती जास्त स्वच्छ दिसते.

घराला नंतर रंग दिला असेल आणि रेघ समोरच्या घरावरच असेल, तर गवंड्याची लेव्हल पाईप आणा. पारदर्शक नळी, १५-२० मीटर, पाणी भरताना आत बुडबुडा राहता कामा नये. एक टोक रेघेला, दुसरे तुमच्या चौकटीला, दोन्हीकडचे अंगठे काढायचे आणि पाणी थांबू द्यायचे. एका टोकाला अंगठा राहिला की दोन-तीन इंचांची चूक सहज होते. नळी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असेल तरी फरक पडतो. सकाळी लवकर करा.

आणि हो, हा हिशेब जागेवरच्या रेघेवरून करायचा. शिवाजी पुलाजवळच्या कुणाचा आकडा उचलून शाहूपुरीत लावू नका, नदीच्या पाण्याला उतार असतो. तुमच्याकडे पाणी नाल्यातून उलटे येते, तेव्हा अर्धा फूट हाताशी ठेवूनच ठरवा.

बरगे_काढा
दरवाजाचे उत्तर देतो, कारण दरवर्षी याच्यावरूनच घबराट होते.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरले की पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. सातही उघडले तर साधारण १० हजार क्युसेक. आकडा मोठा वाटतो, पण पुरात पंचगंगेतून याच्या कितीतरी पट पाणी जात असते. "एका दरवाजाला इतके इंच" असे सूत्र नाही.

मेसेज वाचायचा तो असा: दरवाजा उघडला म्हणजे भोगावतीच्या (हे धरण त्याच नदीवर आहे) खोऱ्यातला पाऊस अडवायला आता धरणात जागा उरली नाही. जेवढे येईल तेवढे खाली. त्यातच कुंभी, कासारी, तुळशी या पंचगंगेच्या बाकीच्या उपनद्यांकडे जोर असेल तर खरी काळजी. वर घाटातल्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. त्यामुळे आपल्या खिडकीतून आभाळ बघून पुराचा अंदाज काढू नये. शहरात ऊन पडलेले असताना पाणी चढत असते.

शिवाय धरणांच्या खालच्या भागात पडणाऱ्या पावसाला अडवणारे काहीच नाही, तो थेट नदीत येतो. गगनबावडा आणि राधानगरीचा २४ तासांचा पाऊस बघा आणि बंधाऱ्याची वाढ तासाला किती इंच आहे ते लिहून ठेवा. आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा. पाणी पात्राबाहेर शेतात पसरले की तेवढ्याच पाण्याला वाढ कमी दिसते. तासाला एकच इंच वाढतेय म्हणून ४५ ला निर्धास्त होऊ नका. उतरतानाही तसेच, शेतातले पाणी परत येत राहते आणि पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी आकडा जागचा हलत नाही तो त्यामुळे.

दशांश
एक बारीक गोष्ट. मेसेज फिरताना "४३.१०" असे लिहिलेले असते. ते बहुतेक वेळा ४३ फूट १० इंच असते, ४३ पूर्णांक १ दशांश नव्हे. दोन्हींत जवळपास नऊ इंचांचा फरक. "४३.५" वाचून साडेत्रेचाळीस धरले तर इंचाचीच चूक, पण .१० आणि .११ ला फसगत होते. फूट-इंच वेगळे लिहिलेला मेसेजच पुढे पाठवा.

शाहूपुरी_तळमजला
रेघ उंबऱ्यापासून ३ फूट २ इंच भरली. म्हणजे ५२ फूट १० इंच. पण शेजारी सांगतात की पाणी दारातून यायच्या आधी संडासातून आले होते. ते कसे?

चेंबर_झाकण
बरोबर सांगतात. उंबरा ५२-१० असला तरी तुमच्या संडासाचे भांडे आणि मोरीची जाळी किती उंचीवर आहे ते बघा. न्हाणीघराचा तळ बहुधा उंबऱ्याच्या खालीच असतो. ड्रेनेजची लाइन भरली की पाणी पाइपातून उलटे येते. तुमचा खरा आकडा घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीचा, उंबऱ्याचा नव्हे.

उपाय: घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये, रस्त्याच्या लाइनला जोडण्याआधी, ११० मिमी पाइपला बसणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. झडप रस्त्याच्या दिशेला उघडली पाहिजे, उलटा बसवलेले खूप आहेत. मेच्या शेवटी झाकण काढून झडपेखालचा गाळ आणि केस काढा. एक काडी अडकली तरी झडप मिटत नाही. झडप मिटलेली असताना तुमचे सांडपाणीही बाहेर जात नाही, तेव्हा आतला नळ आणि फ्लश बंद. वाळूचे पोते भांड्यावर ठेवणे हा शेवटचा इलाज, गळती कमी होते, थांबत नाही.

जमिनीत पुरलेली प्लॅस्टिकची टाकी रिकामी ठेवून गावाला जाऊ नका. आजूबाजूची जमीन भिजली की ती तरंगून वर येते, जोडण्या तुटतात. भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. पूर गेल्यावर ते पाणी काढून टाका, टाकी घासा, पुन्हा भरून हजार लिटरला साधारण २०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवून टाका, रात्रभर ठेवा आणि तेही पाणी सोडून द्या. ते पिण्याचे पाणी नव्हे.

मीटर आणि मेन स्विच रेघेच्या वर किमान दीड फूट.

ओळंबा
अजून एक, कारण कुणीतरी विचारणारच. गांधी मैदानात किंवा जुन्या तळ्यांच्या जागी तुंबणाऱ्या पाण्याला हा हिशेब लागू नाही. गांधी मैदान म्हणजे जुने वरुणतीर्थ, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. खोलगट जागा बुजवली तरी उतार तिकडेच राहतो. तिथे एका जोराच्या सरीतही पाणी साचते, बंधारा २० फुटांवर असला तरी. तिथे राहणाऱ्यांनी नाल्याची सफाई बघावी.